थोरलीची कुरकुर आणि मामाचे कान

माझा मामा पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात वंगणवाला होता. म्हणजे सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं, लांब चोचीची तेलाची झारी उचलायची आणि मशीनं सुरू व्हायच्या आत प्रत्येक सांध्याला, प्रत्येक सरकत्या भागाला तेल पाजून यायचं. 'पाजून' हा शब्द त्याचाच. तेल घातलं, सोडलं असं तो कधी म्हणत नसे. मशीनला तहान लागते, ते पितं, त्याची तहान भागते, ही त्याची समजूत इतकी पक्की होती की माणसांनाही तहान लागते हे तो अधूनमधून विसरायचा. घरी पाहुणे येऊन टेकले तरी पाणी विचारायचं काम मामीकडेच.

मीही त्याच कारखान्यात पॅकिंगला होतो. मामानेच चिकटवलं होतं. राहायलाही त्याच्या शेजारच्याच खोलीत. त्यामुळे पुढे जे झालं ते मला घरून आणि कारखान्यातून, दोन्ही अंगांनी बघायला मिळालं.

कारखान्यात मशीनं बरीच होती, पण मामाचा जीव एकीवर. पुठ्ठा दाबून कापणारं जुनं, अवाढव्य धूड. सगळे तिला थोरली म्हणत. थोरलीचा पाट घराच्या दारापेक्षा मोठा, निव्वळ लोखंडाचा. तो दोन लांब लोखंडी पट्ट्यांवरून दिवसभर पुढे जायचा आणि मागे यायचा. खाली पट्टी लोखंडाची, वर पाटाचा तळ लोखंडाचा, आणि दोघांच्या मध्ये मामाचं तेल.

"ती थोरली, मी आपली धाकटी," मामी म्हणायची. "सवत करायची तर निदान उचलून आपटता येईल अशी तरी करायची."

थोरलीची तब्येत बघायची मामाची एक रीत होती. त्याच्याकडे हातभर लाकडी दांडा होता. त्याचं एक टोक चालत्या मशीनच्या अंगाला लावायचं, दुसरं स्वतःच्या कानाला, आणि डोळे मिटून उभं राहायचं. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. आजूबाजूचे लोक आपोआप हळू बोलायला लागायचे. मग मामा डोळे उघडायचा आणि निदान सांगायचा. निदान काहीही असो, औषध एकच: आणखी तेल.

तेलाच्या बाबतीत तो कर्णाचा अवतार होता. जिथे चार थेंब पुरतील तिथे तो झारी उलटी धरायचा. थोरलीखालची फरशी कायम चमकत असे, आणि तिच्यावरून नवीन आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी घसरत असे. फोरमनसुद्धा घसरले होते. उठून कपडे झटकत ते म्हणाले, "मामा, जरा हात आखडता घ्या."

"साहेब," मामा शांतपणे म्हणाला, "तेल जास्त झालं म्हणून मशीन मेल्याचं कधी ऐकलंत?"

फोरमननी ऐकलं नव्हतं. ते लंगडत निघून गेले.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण कारखान्यातून मिळणारं तेल मामाला पातळ वाटायचं. "पाण्यासारखं आहे, अंगाला लागत नाही," असं म्हणत त्याने स्वतःचं मिश्रण काढलं. त्यात कारखान्याचं तेल असे, एरंडेल असे, आणि मामीच्या स्वयंपाकघरातलं खायचं तेल असे. हे सगळं तो न्हाणीघराच्या मागे एका डब्यात गरम करायचा. मामीच्या बरणीतलं तेल महिनाअखेरीच्या कितीतरी आधी तळाला जायचं. मी एकदा तिला विचारलं तर ती म्हणाली, "आपल्या घरात खाणारी तोंडं तीनच दिसतात, पण चौथी कारखान्यात आहे."

तिसरं तोंड म्हणजे मामाची मुलगी, आमची ताई. ती कॉलेजात शिकत होती, पुढे दुसऱ्या गावी एका प्रयोगशाळेत लागली. तिथे मोटारींची, मशीनची तेलं तपासायचं काम होतं. मामा सगळ्यांना सांगायचा, "पोरगी माझ्याच वळणावर गेली." ताई मात्र घरी आली की डोक्याला हात लावायची, कारण घरातही मामाची झारी थांबत नव्हती. पंखा, खिडक्यांच्या कड्या, कपाटांची बिजागरं, सगळ्यांना तो तेल पाजून ठेवायचा. मामीच्या शिलाई मशीनला त्याने एकदा इतकं पाजलं की शेजारणीच्या पांढऱ्या पडद्यांवर टाक्यागणिक एक पिवळा डाग उमटला. बाहेरच्या कुलपाला तर तो दर आठवड्याला पाजायचा. तेलावर धूळ बसली, धुळीवर तेल बसलं, आत त्याचा लगदा झाला, आणि एका दुपारी किल्ली आत गेली ती परत आलीच नाही. आम्ही सगळे जिन्यात बसलो. कुलूप फोडणारा आला, त्याने कुलूप हुंगलं आणि विचारलं, "यात काय फोडणी घातली होती का?"

मामीने नुसतं मामाकडे बघितलं.

तर असा मामा. आणि याच मामाचे कान हळूहळू जायला लागले.

उभा जन्म त्या गडगडाटात काढल्यावर ते जाणारच होते. त्याचं त्यालाही कळलं नसावं, कारण कान एकदम जात नाहीत, टवका उडत उडत जातात. आम्हालाही उशिराच कळलं. पहिली खूण म्हणजे मामा खूश दिसायला लागला. दांडा कानाला लावून तो डोळे मिटायचा आणि त्याच्या तोंडावर हसू पसरायचं.

"कशी आहे थोरली?" फोरमन विचारायचे.

मामा त्यांच्या ओठांकडे बघून अंदाज घ्यायचा आणि म्हणायचा, "लोणी. एवढी गुपचूप ती कधीच चालली नव्हती. मिश्रण बरोबर जमलंय."

थोरली तेव्हा आक्रोश करत होती. पाट मागे येताना एक बारीक, लांबलचक किंकाळी निघायची, दात शिवशिवायला लावणारी. थोरली चालवणारा ऑपरेटर उंच होता, त्याला सगळे लांबडा म्हणत. लांबड्याने कानात कापूस घातला होता. तो मला म्हणाला, "तुझ्या मामाला सांग ना, ती ओरडतेय."

"तू का नाही सांगत?"

"सांगितलं. ते म्हणाले, हो, मुलं मजेत आहेत."

मी गप्प बसलो. लांबडाही गप्प बसला. फोरमनही गप्प बसले. मामाला सांगणार कोण, आणि सांगणार काय? ज्याचं सगळं नाव कानावर उभं, त्याला तुमचे कान गेले असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? शिवाय मामा तापट होता. ऐकू आलं नसतं तर अडचण, आणि आलं असतं तर त्याहून मोठी.

घरी मामीला आमच्या आधी समजलं होतं. भाजीत मीठ जास्त झाल्यावर मामा कुरकुरला तेव्हा ती पाठमोरीच पुटपुटली, "जिभेवर पण ग्रीस लावून घ्या." मामा म्हणाला, "हो, चालेल, अर्धा कप." मामी वळून बघत राहिली. त्यानंतर तिने खात्री करून घेतली, आणि खात्री झाल्यावर तिचं बोलणंच बदललं. इतक्या वर्षांत मनात साठलेलं सगळं ती आता स्वयंपाक करता करता, हळू आवाजात, सविस्तर बोलू लागली. मामा मान डोलवायचा. घरात इतकी शांतता कधी नव्हती. मला ती म्हणाली, "कानात तेल घालून बसलाय तुझा मामा. बसू दे. मला बरं पडतंय."

"पण मामी, डॉक्टरकडे न्यायला हवं."

"नेईन," ती म्हणाली. "माझं अजून संपलं नाही."

ती किंकाळी वाढत गेली. मामा खूश होत गेला. खुशीत तो मिश्रण जरा जास्तच दाट करायला लागला.

आणि एका सकाळी, ऐन कामाच्या भरात, थोरली बसली. पाट मागे येता येता मध्येच आवळला गेला. जो आवाज झाला तो फाटकावरच्या पहारेकऱ्याने ऐकला आणि त्याने फाटक बंद करून टाकलं, का ते त्यालाही सांगता आलं नाही. पुठ्ठे उडाले. लांबड्याने बटण दाबलं आणि तो मागे पळाला. सगळेच पळाले. मामा मात्र थोरलीला दांडा लावून, डोळे मिटून, हसत उभा होता.

दांड्यातली थरथर थांबली तेव्हा त्याने डोळे उघडले. बघतो तर मंडळी पळताहेत. त्याला वाटलं आग लागली. म्हणून तो पळाला, पण दाराकडे नाही. आधी कोपऱ्यात जाऊन मिश्रणाचा डबा उचलला, छातीशी धरला आणि मग दाराकडे निघाला. दारात फोरमन उभे होते. ते काहीतरी ओरडत होते. मामा म्हणाला, "काळजी नको, तेल वाचवलंय."

फोरमननी त्याच्या दंडाला धरून त्याला परत थोरलीपाशी आणलं. बोटाने पट्टी दाखवली. मामाने सवयीने तिच्यावर तळहात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. पट्टी तव्यासारखी तापली होती. वरून तेल ओघळत होतं, फरशीवर थारोळं होतं, आणि पट्टीवर मात्र नखाने ओरबाडल्यासारखे लांब चरे पडले होते. मामा कितीतरी वेळ ते चरे बघत राहिला. हात पोळला होता, पण तो फुंकर घालायचंही विसरला.

ताईला कळवलं तशी ती सुट्टी काढून आली. फोरमननी तिला आत यायला परवानगी दिली, खरं तर विनवणीच केली. पाट उचलून बाजूला ठेवला होता. ताईने तेल आत पोचवणाऱ्या बारीक खाचांमधून काडी फिरवली. काडीला तपकिरी, चिवट डिंक लागून आला. तिने तो बोटांत चोळला, हुंगला, आणि म्हणाली, "बाबा, हे आपल्या घरचं तेल आहे."

मामा म्हणाला, "चहा नको, आत्ताच झाला."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. तिला वाटलं बाबा विषय टाळताहेत, म्हणून ती तशीच समजावत राहिली. "खायचं तेल हवेने, उष्णतेने घट्ट होतं, त्याचा डिंक होतो. त्यात पुठ्ठ्याचा भुसा. वाटाच बुजल्या. तुम्ही वरून कितीही ओता, ते बाहेरून वाहून जाणार, आत थेंब नाही. आणि लोखंड कितीही गुळगुळीत दिसलं ना, तरी भिंगाखाली बघितलं तर नुसत्या डोंगर-दऱ्या असतात. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो म्हणून डोंगर डोंगराला भिडत नाही. पाट लोखंडावर चालतच नाही, तो तेलावर तरंगत असतो."

"डोंगर?" मामाचा चेहरा उजळला. "जाऊ की. पण हिची दुरुस्ती झाल्यावर."

लांबड्याला हसू आवरेना, तो पुठ्ठ्यांच्या ढिगामागे गेला. ताई हसली नाही. तिने पांढरा कागद घेतला, थोरलीखालचं काळं तेल त्याच्यावर ओतलं आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवलं. तेलातून बारीक, चमकदार केस उभे राहिले आणि चुंबकामागे चालू लागले.

मामा वाकला. "हे कुठून आलं?"

ताईने थोरलीच्या पट्टीवर बोट ठेवलं. नुसतं बोट.

मामाने तिच्या हातातून चुंबक घेतलं आणि स्वतः फिरवून बघितलं. केस पुन्हा उभे राहिले. तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "तू मघाशी काय सांगत होतीस ते परत सांग. जरा मोठ्यांदा सांग. मला ऐकू येत नाही."

कारखान्यात बरीच माणसं उभी होती. ज्याला त्याला एकदम काहीतरी काम आठवलं. ताई त्याच्या कानाशी वाकून पहिल्यापासून सगळं परत ओरडून बोलली. डिंक, भुसा, डोंगर, पापुद्रा. मामा लहान मुलासारखा ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारलं, "म्हणजे ती उपाशी नव्हती. मी तिचं तोंड बंद केलं होतं?"

"तसंच," ताई ओरडली.

"मग कमी पाजत जाऊ?"

"योग्य ते, आणि योग्य तेवढं."

घरी मामीला ताईने विचारलं, "आई, तुला माहीत होतं?" मामी भांडी घासत होती. ती म्हणाली, "थोडं थोडं." आणि भांडी जरा जोरात घासू लागली.

थोरलीच्या पट्ट्या दुरुस्त करायला बाहेरून एक म्हातारे फिटर आले. त्यांना सगळे खरवडआजोबा म्हणत. त्यांचं काम बघण्यासारखं होतं. सपाट ठोकळ्याला निळा रंग फासायचा, तो पट्टीवर घासायचा, जिथे निळं लागेल तो उंचवटा समजायचा आणि पोलादी खरवडणीने तेवढाच उतरवायचा. परत रंग, परत खरवड. मामाला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. पट्टी आरशासारखी करायची असं मामाला वाटत होतं, पण आजोबांनी तिच्यावर मुद्दाम बारीक बारीक खळगे ठेवले. खळग्यांत तेल थांबतं. हे मामाला पटलं.

मौज अशी की खरवडआजोबा मामापेक्षा बहिरे होते. दोघं दिवसभर गप्पा मारत काम करायचे. आजोबा पूर्वीच्या मशीनबद्दल बोलायचे, मामा ताईच्या नोकरीबद्दल. आजोबा म्हणायचे, "ते लोखंड आता मिळत नाही." मामा म्हणायचा, "पगार बरा आहे, पण खोली लहान." दोघं माना डोलवायचे. त्या सगळ्या कामात त्यांचा एकाही मुद्द्यावर वाद झाला नाही. मामा घरी येऊन म्हणायचा, "फार जाणता माणूस. माझं सगळं त्याला पटतं."

थोरली पुन्हा सुरू झाली त्या दिवशी फोरमननी झारी स्वतः मामाच्या हातात दिली. मामाने ठरलेलं तेल घातलं, ठरलेल्या जागी, ठरलं तेवढंच. थेंब मोजता मोजता झारी दोनदा उलटी व्हायला निघाली, ती त्याने दोन्ही वेळा सावरली. उदार माणसाला काटकसर शिकवणं सोपं नसतं. पाट पुढे गेला, मागे आला. लांबड्याने कानातला कापूस काढून टाकला आणि अंगठा वर केला.

त्यानंतर ताईने मामाला कानाचं यंत्र बसवून दिलं. घरी आल्यावर त्याने ते चालू केलं आणि तो पलंगावर ताठ बसला. नळ ठिबकतोय, खुर्ची करकरतेय, वरच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी ओढतंय. घर इतकं बोलतं हे तो विसरून गेला होता. मामी स्वयंपाकघरात होती, आणि यंत्र आज बसतंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती आपली नेहमीसारखी पोळी लाटता लाटता बोलत होती. मामा ऐकत होता. मीही तिथेच होतो, आणि उठून जावं की नाही हे मला ठरवता येईना. तिने त्याच्या बहिणीपासून, म्हणजे माझ्या आईपासून सुरुवात केली आणि बऱ्याच वेळाने त्याच्या घोरण्यापाशी आली. मग पाणी द्यायला ती बाहेर आली, तिला मामाच्या कानातली वायर दिसली, आणि ती जागच्या जागी थांबली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तुझ्या नणंदेपासून," मामा म्हणाला.

मला वाटलं आता भडका उडणार. मामाने पाण्याचा पेला घेतला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बहिणीबद्दलचं बरोबर आहे. घोरण्याचं खोटं आहे." मामी मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. नंतर ती म्हणाली की तेव्हापासून तिला बोलायची मजाच येईना, कारण माणूस उत्तर द्यायला लागला.

कारखान्यात मात्र यंत्राचा उपयोग झाला नाही. पहिल्या दिवशी ते लावून मामा आत शिरला, आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बाहेर आला. "आत काय बिघडलंय?" त्याने लांबड्याला विचारलं.

"काही नाही. हे नेहमीचंच."

"नेहमीचंच? एवढा आवाज?" मामाला पटेना. मग त्याने यंत्र काढून खिशात टाकलं आणि आत जाऊन पट्टीच्या टोकावर तळहात ठेवला. कोमट. तो समाधानाने पुढच्या मशीनकडे गेला. नोकरी संपेपर्यंत त्याने असंच काम केलं, हाताने. त्याचा हात कधी फसला नाही असं मी म्हणणार नाही. एकदा त्याने उन्हात ठेवलेला निरोगी पंप तापला म्हणून दिवसभर बंद ठेवला होता. पण थोरली पुन्हा बसली नाही.

आता मामा निवृत्त आहे. खरवडआजोबांच्या मुलाने त्यांनाही कानाचं यंत्र आणून दिलं. दोघं संध्याकाळी बागेतल्या बाकावर भेटतात, आणि तेव्हापासून त्यांचं अजिबात पटत नाही. परवा मामा तणतणत घरी आला.

"म्हणे सरकत्या पट्टीला ग्रीसच बरं. ग्रीस. आणि हा माणूस मला जाणता वाटत होता."

"मग जाऊ नका उद्या," मामी म्हणाली.

मामा चपला काढता काढता थांबला. "न जाऊन कसं चालेल?" तो म्हणाला. "त्याचं निम्मं बोलायचं राहिलंय. वाट बघेल तो."